पाणवठा, घाट आणि काठावरची माणसे

आमचे बालपण वसईत गेले. घरामागे बावखल होते. पावसाळ्यात ते काठोकाठ भरे आणि उन्हाळ्यात त्याच्या तळाशी हिरवट पाणी उरे. त्या बावखलाच्या काठावर आमच्या आईची धुणी होत, भाजीची रोपे शिंपली जात आणि आम्ही मुले पोहायला शिकलो. बावखल कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न आम्हांला तेव्हा कधी पडला नाही. पुढे धर्मगुरू झाल्यावर आमची नेमणूक मराठवाड्यात झाली आणि नांदेडला गोदावरीचे पात्र प्रथम पाहिले. पात्र विस्तीर्ण, काठावर दगडी पायऱ्यांचे घाट, आणि त्या घाटांवर सकाळच्या वेळी सारे शहर उतरलेले. तेव्हापासून पाण्याच्या काठाचा इतिहास हा आमच्या कुतूहलाचा विषय झाला. काठावर कोण येऊ शकत होते, कोण येऊ शकत नव्हते, आणि आज तेथे कुणाला जागा उरली आहे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. प्रदेश आमच्या ओळखीचा, म्हणजे नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांचा.

नांदेड हे गाव नदीमुळेच झाले. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात नांदीकट नावाच्या प्रदेशविभागाचा उल्लेख आहे आणि हा नांदीकट म्हणजे आजचे नांदेड असे अभ्यासक मानतात. 'तट' हा शब्द गावाच्या नावात मुरलेला आहे, असे म्हणावयास म्हणूनच आधार आहे. चौथ्या शतकापासून ज्या गावाची ओळख काठाने होते, त्या गावाचा इतिहास राजवाड्यापेक्षा घाटावर शोधणे अधिक योग्य. नंदगिरीचा किल्लादेखील गोदावरीच्या वळणावर उभा आहे. नदी त्याला तीन बाजूंनी वेढा घालते.

तरी नांदेडच्या घाटांना जगाच्या नकाशावर आणले ते १७०८ साली. बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला होता. त्या छावणीबरोबर शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंगजी, गोदावरीच्या काठी आले. बादशहा पुढे गेला, गुरू मात्र नांदेडला राहिले. याच काठावर माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. गुरूंच्या भेटीनंतर तो बैरागी बंदासिंग बहादूर झाला आणि पंजाबात परतून त्याने मोगली सत्तेला हादरा दिला. बंदाघाट हे नाव त्याचेच स्मरण. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचे देहावसान झाले. आपल्यामागे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, ही आज्ञा त्यांनी येथेच दिली. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तू उभारली. त्याच सुमारास निजामाच्या मदतीला आलेल्या लाहोरी फौजेतील काही शीख घराणी दक्षिणेतच स्थायिक झाली. आज त्यांची मुले आपल्या-तुपल्यासारखीच मराठी बोलतात आणि बोलण्याच्या ओघात दखनीत शिरतात.

ह्या काठावरील दोन घाटांची नावे ऐकून आम्हांला प्रथम नवल वाटले होते : नगिना घाट आणि हिरा घाट. परंपरा अशी सांगते की, एका भक्ताने गुरूंना मौल्यवान नगिना अर्पण केला आणि त्यांनी तो गोदावरीत टाकून दिला. हिऱ्याची कथाही तशीच. फरक इतकाच की, तेथे हिरा देणारा खुद्द बादशहा होता. आपली भेट पाण्यात गेलेली पाहून तो रुष्ट झाला. तेव्हा गुरूंनी त्याला नदीत पाहावयास सांगितले आणि त्याला तेथे हिऱ्यांचे ढीग दिसले. ह्या कथांची ऐतिहासिक शहानिशा करण्याचे आमचे काम नव्हे. पण लोकांनी आपल्या घाटांना नावे देताना कोणते प्रसंग निवडले, हेही इतिहासाचेच साधन आहे.

हुजूर साहिबमध्ये आजही एक प्रथा पाळली जाते. रोज मध्यरात्र उलटल्यावर गागरिया सिंग नावाचा सेवेकरी गोदावरीवर जातो, गागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्तसाहिबाची सेवा होते. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असते. त्या दिवशी एकट्या सेवेकऱ्याऐवजी सारी संगत घागरी घेऊन नदीवर लोटते. लहान मुले, म्हाताऱ्या, पंजाबातून आलेले यात्रेकरू, सर्वांच्या खांद्यावर पाणी. आम्ही एकदा तो सोहळा रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या एका शीख गृहस्थाने आमच्या गळ्यातील क्रूस पाहून आम्हांलाही एक घागर उचलावयास दिली. ती चांगलीच जड होती.

घाटावरचा दुसरा संसार मात्र कुणी ग्रंथात लिहून ठेवला नाही. उर्वशी घाट, नगिना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट अशी नावे घेत आपण पायऱ्या उतरतो आणि भाविक, पुजारी, यात्रेकरू एवढेच मोजतो. पण नदी ज्यांचे पोट होती ते निराळे लोक. भोई आणि कोळी नावा चालवीत, जाळी टाकीत. परीट कपडे आपटीत. कुंभार गाळाची माती नेत. उन्हाळ्यात पात्र आटले की वाळूत टरबूज-खरबुजांच्या आणि काकडीच्या वाड्या लागत. त्या कसणाऱ्यांकडे बहुधा काठावर शेत नसे. नदी चार महिने जी जमीन उघडी करी, तीच त्यांची जमीन. मृगाचा पाऊस आला की ती पुन्हा नदीची. पूल नव्हते तेव्हा पैलतीराच्या बाजारहाटाला भोयाच्या नावेवाचून गत्यंतर नसे आणि पुराच्या पाण्यात नाव चालेनाशी झाली की भोपळ्यांची सांगड बांधून किंवा उसाच्या गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसे पार नेली जात. बाळंतीण अडलेली, डॉक्टर पलीकडे, आणि मध्ये गोदावरी, अशा रात्रींच्या हकिकती जुन्या माणसांकडून आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत.

येथवर लिहिलेले वाचून नदीकाठ म्हणजे एक आनंदी गोकुळ होते असा समज होईल. तो खरा नाही. घाट सर्वांसाठी बांधलेला दिसत असला तरी तो सर्वांचा नव्हता. आमच्या धर्मग्रामातील एक आजी, ज्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, आपल्या माहेरच्या गावचा पाणवठा आम्हांला हाताने हवेत रेघा ओढून समजावून सांगत असत. वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा, त्याच्या खाली गुरे धुण्याची जागा, आणि त्याच्याही खाली मांगवाड्याचा आणि महारवाड्याचा. "फादर, आमी खालच्या अंगाला. वरून म्हसरं धुतलेलं पाणी यायचं, मग आमी वाळूत झिरा उकरायचो. वाटी-वाटीनं घागर भरायची. सकाळ जायची त्यात." झिरा म्हणजे नदीच्या वाळूत हाताने केलेला खड्डा. वाळूतून गाळून आलेले पाणी त्यात हळूहळू साचते. आजींना त्या अन्यायाचा राग होता. पण झिऱ्याचे पाणी किती गोड लागे, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बोलण्यात कशा मावतात, याचा उलगडा आम्हांला पुष्कळ दिवस झाला नाही.

नदी वाहती, म्हणून विटाळ तिच्याबरोबर खाली वाहत जातो, ही समजूत ह्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. तळ्याचे पाणी साचलेले, म्हणून तेथे नियम अधिक कडक. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले तो प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य वर्गाच्या बाजूने निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. महाड ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते. आमचे नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात. मुंबईच्या कायदे कौन्सिलातील ठराव आणि मुंबईच्या न्यायालयाचे निकाल गोदावरी-मांजरेच्या काठी लागू नव्हते. येथे हा हक्क कागदावर आला तो राज्यघटनेने, २६ जानेवारी १९५० रोजी. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून ज्या जागी कुणालाही मज्जाव करता येणार नाही अशा जागांची नावे आहेत. त्यांत विहिरी आहेत, तलाव आहेत, रस्ते आहेत, आणि स्नानघाटही आहेत. देशाच्या मूलभूत कायद्यात 'घाट' हा शब्द जाणीवपूर्वक लिहिला गेला आहे, हे आम्ही आमच्या युवकांच्या वर्गात सांगतो तेव्हा मुले क्षणभर विश्वास ठेवीत नाहीत. मग आम्ही पुस्तक पुढे करतो.

गावोगावी तो शब्द पायऱ्यांपर्यंत पोहोचावयास आणखी काही दशके लागली. कित्येक ठिकाणी तो पोहोचण्याआधी नळच आले, आणि पाणवठ्याचा प्रश्न न सुटताच मिटला.

आता जरा नदी सोडून तळ्याकडे वळू. नांदेड जिल्ह्यात कंधार हे राष्ट्रकूटांचे मोठे नगर होते. तेथे राष्ट्रकूटकाळात बांधलेला विशाल जलाशय आहे. कंधारच्या शिलालेखात त्याचे नाव जगत्तुंगसमुद्र असे येते. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. ते स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणजे लट्टलूर ह्या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. म्हणजे ज्यांनी आपले मूळ लातूरला सांगितले त्यांनी समुद्र बांधला तो कंधारला. लातूरकरांनी ह्यावर रुसावे की अभिमान बाळगावा, हे त्यांनीच ठरवावे! कंधारच्या भुईकोटाचा खंदक, शेजारचे तळे आणि भोवतालची वस्ती पाहिली म्हणजे ध्यानात येते की हजार वर्षांपूर्वी पाणी साठविणे हे राज्यकर्त्याचे पहिले काम समजले जाई.

हे काम पुढे निजामी राजवटीतही झाले, परंतु ते सर्वत्र सारखे झाले नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हजारो माणसे वाहून गेली. त्यातून धडा घेऊन विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना झाली. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. १९३१ मध्ये निजामसागर उभा राहिला. हा निजामसागर बांधला गेला मांजरा नदीवर, पण लातूरच्या मांजरेवर नव्हे, खाली तेलंगणात. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावून, लातूरची शिवारे ओलांडून गेलेली मांजरा निजामाबादची भातशेती पिकवू लागली. मराठवाड्याच्या वाट्याला राज्याचा महसूल भरणे आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ह्या विभागात मोठे म्हणावे असे धरण नव्हते.

ते नंतर झाले आणि त्यात नांदेडच्या एका माणसाचा वाटा मोठा आहे. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते, पुढे राज्याचे पाटबंधारे मंत्री झाले, मुख्यमंत्री झाले. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या जायकवाडीमागे त्यांचाच आग्रह होता. नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा झाला, त्याच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात आणि तेथून उपसा करून पाणी लोहा-कंधारच्या उंच माळांवर नेले जाते. त्याच जलाशयावर नांदेडची तहान भागते. हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. परंतु काठाच्या इतिहासात धरणांची एक दुसरी नोंदही करावी लागते. जेथे बंधाऱ्याचे पाणी बारमाही तुंबले तेथे उन्हाळ्यातील वाळवंट बुडाले आणि टरबुजाच्या वाड्या गेल्या. बंधाऱ्याखाली प्रवाह तुटला, साचलेल्या डोहांत शहराचे सांडपाणी मिसळले आणि जलपर्णीने पाणी झाकून टाकले. भोयाची नाव पुलाने आधीच खाल्ली होती. मासेमारी उरली ती जलाशयाच्या ठेक्यावर. मत्स्यबीज सोडायचे, संस्थेने ठेका भरायचा आणि सभासदांनी जाळे टाकायचे. ठेका ज्या संस्थेला, पाणी तिचे. काठावर पिढ्यान् पिढ्या राहिलेले घर त्या संस्थेचे सभासद असेलच असे नाही.

राहता राहिली वाळू. महसुली भाषेत आज 'घाट' म्हणजे पायऱ्या नव्हेत. वाळूघाट म्हणजे लिलावात काढलेला नदीपात्राचा तुकडा. रात्री तराफ्यांवर इंजिने बसवून तळातून वाळू ओढली जाते. सकाळी महसूल खात्याची माणसे येऊन ते तराफे जाळतात किंवा स्फोटाने उडवितात आणि आठवड्याभरात नवे तराफे पाण्यात दिसतात. तराफ्यावर राबणारे मजूर पुष्कळदा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले असतात. पकडले जातात ते बहुधा तेच. वाळू गेली की झिराही गेला. कायद्याने पाहिले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २० व्या कलमानुसार नदीचे पात्र शासनाच्या मालकीचे आहे. म्हणजे ते सर्वांचे, असा आमचा भाबडा समज होता.

नांदेडच्या पूर्वेला, धर्माबादकडे, मालकीचा हाच प्रश्न दोन राज्यांत उभा राहिला. पोचमपाड धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंनी १९६३ मध्ये केली. त्याचे फुगवट्याचे पाणी नांदेड जिल्ह्यात शिरते. महाराष्ट्राने त्याच फुगवट्यात बाभळीचा बंधारा बांधला आणि खालच्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू कार्यकर्त्यांसह आले आणि त्यांना धर्माबादला अटक झाली. अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राहू दिला, पण दरवाजांचे वेळापत्रक घालून दिले. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर, म्हणजे पावसाचे पाणी अडवायचे नाही. साठवण २.७४ अब्ज घनफुटांची, आणि १ मार्चला त्यातले ०.६ अब्ज घनफूट खाली सोडायचे. नदी भरून वाहत असताना काठावरचा शेतकरी उघड्या दरवाजांकडे पाहत उभा राहतो. खालच्या शेतकऱ्याचे म्हणणेही खोटे नाही. पाणवठ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे आजींचे गणित येथे उलटे-सुलटे होऊन पुन्हा समोर येते.

लातूरची गोष्ट अगदी निराळी. लातूर शहराच्या पोटातून मोठी नदी वाहत नाही, म्हणून तेथे नांदेडसारखे घाट नाहीत. लातूरकरांची एकत्र येण्याची जागा म्हणजे गंजगोलाई. १९१७ मध्ये बांधलेली ही वर्तुळाकार पेठ, मध्ये जगदंबेचे मंदिर आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. नांदेडकर घाटावर भेटतो, लातूरकर बाजारात. पाणी दुरून येते, मांजरेवरील धनेगावच्या धरणातून. सलग दुष्काळांनी ते धरण कोरडे पडले आणि २०१६ च्या मार्चमध्ये प्रशासनाने पाण्याच्या टाक्या, टँकर भरण्याच्या जागा आणि विहिरी यांच्याभोवती जमावबंदीचे कलम १४४ पुकारले. पाचांहून अधिक माणसांनी पाण्याजवळ एकत्र येऊ नये! आम्ही त्या दिवसांत एका कुटुंबाच्या भेटीस लातूरला गेलो होतो. गल्लीत प्लास्टिकच्या रंगीबेरंगी घागरींची रांग होती, पण माणसे नव्हती. ती सावलीत लांब लांब बसून घागरींवर नजर ठेवीत होती. मानवाने नदीकाठी एकत्र जमून गावे वसविली, आणि येथे पाणी हेच जमण्यास बंदी घालण्याचे कारण झाले होते. संत पौल फिलिप्पी नगरीत आला तेव्हा वेशीबाहेर नदीकाठी जमलेल्या स्त्रियांशी बोलला आणि तेथेच त्याला लुदिया भेटली, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. त्या लातूरच्या गल्लीत तो आला असता तर त्याला कोण भेटले असते, असा विचित्र विचार तेव्हा मनात येऊन गेला.

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. पावसाळ्यापर्यंत कृष्णेचे पाणी रुळांवरून मांजरेच्या खोऱ्यात येत राहिले. मांजरा तेव्हा कोरडी होती. तीच मांजरा २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने काठ सोडून वाहिली आणि सोयाबीनची उभी पिके गेली. ह्या नदीचा प्रवासही आश्चर्याचा आहे. ती लातूर सोडून कर्नाटकात आणि तेलंगणात जाते, मोठे वळण घेऊन उत्तरेकडे फिरते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, कंदकुर्तीला, गोदावरीला मिळते. लातूरचे पाणी नांदेडला येते ते असे, तीन राज्ये हिंडून.

नांदेडच्या घाटांना अलीकडे नवे रूप मिळाले. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त केंद्र आणि राज्य शासनाने शहरावर मोठा खर्च केला. रस्ते रुंद झाले, घाटांची नवी बांधणी झाली, दिवे आले. यात्रेकरूंची सोय झाली, यात शंका नाही. संध्याकाळी लहान मुलांना घेऊन पायऱ्यांवर बसलेली साधी कुटुंबे पाहून आम्हांलाही बरे वाटते, कारण तेथे बसावयास तिकीट नाही आणि जात कुणी विचारीत नाही. पण रस्ते रुंद होतात तेव्हा कुणाची तरी घरे मागे सरकतात. अहमदाबादला साबरमतीचा काठ सजविताना दहा हजारांवर कुटुंबे दूरच्या वसाहतींत हलविली गेली. पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरून वाद चालू आहे. पाटबंधारे खाते नदीला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. हा नियम झोपडीला चटकन लागू होतो, सिमेंटच्या कठड्याला आणि मंगल कार्यालयाला लागू होण्यास वेळ लागतो, असा आमचा अनुभव आहे.

मागील पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले तेव्हा आम्ही गोवर्धन घाटावर गेलो होतो. नवीन बांधलेल्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. काठच्या सखल वस्तीतील लोक गाद्या, भांडी आणि शाळेची दप्तरे घेऊन शाळेच्या इमारतीकडे निघाले होते. गुरुद्वाऱ्याच्या लंगराची गाडी त्यांच्यामागोमाग डाळ-रोटी घेऊन आली. एक म्हातारा भोई मात्र हलावयास तयार नव्हता. मुलगा त्याला "आबा, चला" म्हणून ओढीत होता. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढेल ते मला माहीत आहे, असे तो पोलिसाला सांगत होता. पोलीस हसत होता. आम्ही अंधार पडेपर्यंत तेथे थांबलो. पाणी त्याने दाखविलेल्या पायरीवर येऊन थांबले आणि पहाटे उतरू लागले, असे दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाने आम्हांला सांगितले.